आधी वाटा, मग आराखडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं दुष्काळी गावांतून पाणलोटाची कामं उभी करण्यात घालवली. त्यांच्या नावाने बोलायचं तर तोच विषय घ्यावा असं मला वाटलं. सभागृहात शेतकरी बसले आहेत, ग्रामसेवक आहेत, कृषी सहायक आहेत, कॉलेजातली मुलंमुली आहेत. या सगळ्यांशी संबंध असलेला प्रश्न आहे. गावाच्या विकासाची योजना ठरते, तेव्हा त्या गावातल्या कोरडवाहू आणि भूमिहीन माणसाचं त्यात काय असतं?

योजनांची आपल्याकडे वाण नव्हती. १९५२ साली देशात समूह विकास कार्यक्रम सुरू झाला. लोकांचा उत्साह त्यात दिसत नाही, निर्णय लोकांच्या हाती द्या, असं १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने सांगितलं. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. नंतर ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं. म्हणजे लोकांना विचारा, हे सरकारी कागदावर साठ-सत्तर वर्षांपासून लिहिलेलं आहे. मुळशीच्या खोऱ्यात १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा तिथल्या मावळ्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं. आज विचारतात. मग तरीही अंदाजपत्रक तयार झालं की गरिबाचं त्यात काहीच का नसतं?

माझं उत्तर सरळ आहे. आपण गरिबाचं मत विचारतो, त्याचा वाटा ठरवत नाही. वाटा आधी ठरला पाहिजे. पाण्यात वाटा, चाऱ्यात वाटा, नको म्हणण्यात वाटा. तो ठरला की मत आपोआप येतं, आणि मोठ्या आवाजात येतं. हे मला आज मांडायचं आहे, आणि ते करून दाखवलेल्या गावांच्या आधाराने मांडायचं आहे.

पहिला मुद्दा, गाव म्हणजे कोण?

‘गावाची मागणी आहे’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना खेड्याविषयीच्या भाबड्या कल्पनांवर कठोर टीका केली होती. अनेकांना ती आवडली नाही. पण ज्यांचं घर गावकुसाबाहेर होतं, त्यांना त्यातला शब्दन् शब्द खरा वाटला. गाव एक नसतं. बागायतदाराचं गाव वेगळं, कोरडवाहूवाल्याचं वेगळं, सालगड्याचं वेगळं, नवऱ्याने टाकलेल्या बाईचं त्याहून वेगळं.

शेततळ्याचंच घ्या. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवून एखादं संरक्षित पाणी पिकाला द्यायचं, ही मूळ कल्पना किती चांगली होती! पण द्राक्ष, डाळिंब, मोसंबीच्या पट्ट्यात काय झालं? प्लास्टिकचा कागद अंथरलेली मोठी तळी झाली, आणि पावसाळ्यात विहिरीचं नि बोअरचं पाणी उपसून ती भरली जाऊ लागली. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात आलं, उन्हात उडून जाऊ लागलं, आणि शेजारच्या कोरडवाहूवाल्याची विहीर जानेवारीतच तळाला गेली. ही मागणी कुणी वरून लादली होती का? नाही. शेतकऱ्यांचीच होती, खरी होती. फक्त ती त्याच शेतकऱ्यांची होती ज्यांच्याकडे मोटार होती, बाग होती आणि बँकेत पत होती. म्हणून नुसतं ‘लोकांनी मागितलं’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कोणत्या लोकांनी? आणि त्या मागणीचा भार कुणावर पडणार?

रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९८३ साली दाखवून दिलं की बाहेरून येणारा माणूस डांबरी रस्त्याच्या कडेचं गाव बघतो, पुरुषांशी बोलतो, पुढाऱ्यांशी बोलतो, आणि पाऊस संपल्यावर, हवा बरी असताना येतो. आपल्या मराठवाड्यात ताडून बघा. आषाढात कणगी रिकामी असते, मजुरी नसते, पोरं तापाने फणफणलेली असतात. तेव्हा पाहणीची गाडी येते का? ती येते दिवाळीनंतर. शिवार हिरवं, रस्ता कोरडा. गाडी थांबते ती पारापाशी. तिथून गरिबांची वस्ती दोन किलोमीटर, ओढ्यापलीकडे.

शिवारफेरी ही फार चांगली गोष्ट आहे. मनापासून केली तर. शिवार फिरून आल्यावर रांगोळी, गुलाल, ज्वारीचे दाणे घेऊन अंगणातच गावाचा नकाशा काढायचा. पुरुषांनी काढलेल्या नकाशात मंदिर, शाळा, रस्ता, विहिरी ठळक येतात. त्याच गावातल्या बायकांना वेगळं बसवा. त्यांच्या नकाशात सरपण कुठून आणायचं ती वाट येते, उन्हाळ्यात शेवटपर्यंत टिकणारा झरा येतो, शेळ्या कुठे चारायच्या ते माळरान येतं, आणि अंधारात जिथून जायला भीती वाटते तो रस्ताही येतो. दोन्ही नकाशे खरे. पण कार्यालयात जातो तो पहिलाच.

दुसरा मुद्दा, विचारायचं कधी?

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात बंधारे, तळी, जमिनीची धूप, जनावरांची पैदास यांच्या सूचना आहेत. हे पुस्तक प्रसिद्ध करण्याआधी त्यांनी त्यातला मजकूर गावोगाव शेतकऱ्यांपुढे वाचून दाखवला. ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांनी ते आधी ऐकलं. एकशेचाळीस वर्षांनंतर आपण काय करतो? अंदाजपत्रक तयार करतो, तांत्रिक मंजुरी घेतो, आणि मग ग्रामसभेचा ठराव मागतो. ठराव म्हणजे फाइलीतलं एक कागदपत्र, सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली लावायचं.

आता बीड जिल्ह्याकडे या. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचा ट्रक दारात उभा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. भांडीकुंडी, पोरं, कोंबड्या घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. आणि ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा कधी होतो? २ ऑक्टोबरपासून लोकनियोजनाची मोहीम सुरू होते आणि ती हिवाळाभर चालते. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पुढचं वाचन होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी आराखडा करायचा, ती माणसं गाव सोडून गेल्यावर आपण आराखडा करायला बसतो! कुणी मुद्दाम हे वेळापत्रक असं ठेवलं असेल असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं असंच चाललं आहे, आणि कुणाला ते खटकत नाही, याचा मला राग येतो.

गणपूर्तीचंही बघा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या. ती जमली नाही तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. त्यामुळे पहिली सभा मोडायची, दुसरीत वीस जणांनी ठराव करायचा, आणि सह्यांचं रजिस्टर शिपायाने घरोघर फिरवायचं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी, असं आपल्या कायद्यात आहे. फार मोलाची तरतूद आहे. पण ती सभा सकाळी अकराला, ऐन खुरपणीच्या दिवसांत ठेवली, तर मजुरी बुडवून कोण येईल?

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि इथे थोडा जास्त वेळ घेणार आहे.

बालाघाटच्या डोंगररांगेतल्या एका गावात पाणलोटाचं काम सुरू व्हायचं होतं. माथा ते पायथा हे तंत्र सगळ्यांना माहीत आहे. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग उतारावर बांध, मग नाल्यावर माती बांध, शेवटी खाली सिमेंटचा बंधारा. माथ्यावर गायरान होतं. चर खणल्यावर झाडझाडोरा वाढावा म्हणून तिथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करायची असं ठरलं. मारुतीच्या देवळासमोर बैठक बसली. अभियंत्याने समजावून सांगितलं, सरपंच बोलले, माना डोलल्या. शेवटी मागे खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी उठली. तिच्याकडे शेळ्या होत्या, जमीन नव्हती. ती म्हणाली, “चर आमीच खांदायचे, शेरडं बी आमीच इकायची, अन् पाणी कुणाच्या हिरीला लागायचं?”

बैठकीत कुणाकडेही उत्तर नव्हतं. पाणलोटाच्या शास्त्रात याचं उत्तर नाही, कारण तो शास्त्राचा प्रश्नच नाही. डोंगरावर मुरलेलं पाणी खाली पाझरतं, हे खरं. खाली कुणाची जमीन असते? ओढ्याकाठची काळी जमीन कुणाची असते? ज्यांच्या विहिरी तिथे आहेत त्यांना पाणी वाढणार. ज्यांची उपजीविका वरच्या गायरानावर, त्यांच्या शेळ्या जाणार. तीन वर्षं गायरान बंद म्हणजे त्या म्हातारीला तीन वर्षं शेळीचं पिल्लू विकता येणार नाही. आजारपणाला, लग्नाला तिची बँक म्हणजे शेळीच. आपण तिला ‘लोकसहभाग’ म्हणून काय मागत होतो? तिची ठेव मागत होतो, शेजाऱ्याच्या विहिरीसाठी.

त्या बैठकीनंतर काम थांबलं, आणि ते थांबलं हे फार चांगलं झालं. मग घरोघर बसणं झालं, भांडणंही झाली. अखेर ठरलं की गायरान एकदम बंद करायचं नाही, तुकड्या-तुकड्यांनी बंद करायचं. बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायला मोकळीक, आणि त्या गवतावर पहिला हक्क जमीन नसलेल्या घरांचा. हे झालं. विहिरीच्या पाण्यात त्यांना वाटा मिळावा ही मागणी मात्र मान्य झाली नाही. विहिरीवाले हलले नाहीत. म्हणून हे गाव मी आदर्श म्हणून सांगत नाही. पण तिथे निदान गवतापुरता वाटा काम सुरू होण्याआधी ठरला, आणि चराईबंदी टिकली. बंदी पाळून घ्यायला राखणदार ठेवावा लागला नाही. ज्या बायकांचं गवत होतं, त्याच राखत होत्या.

वाटा आधी ठरवणं शक्य आहे का? शक्य आहे, आणि ते पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात झालं आहे. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्यातले कारखानदार अभियंते त्या भागात फिरले. हजारो माणसं खडी फोडत होती. त्यांनी नायगावला देवस्थानची सुमारे १६ हेक्टर जमीन कराराने घेतली आणि त्यावर पाणी अडवण्याचे, मुरवण्याचे प्रयोग केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मला आजही पाठ आहेत, आणि प्रत्येक अभियंत्याला ते पाठ असावेत असं वाटतं.

पाणी जमिनीवर मोजायचं नाही, माणसांवर मोजायचं. घरातल्या प्रत्येक माणसामागे अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. कुणाची जमीन पन्नास एकर असली तरी अडीच एकरांचंच. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी विकलं जात नाही. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस नाही. योजना गटानेच करायची, एकट्याला मिळणार नाही. खर्चाच्या २० टक्के रक्कम शेतकऱ्यांनी आधी जमवायची, सरकारकडून निम्मी, आणि उरलेली ३० टक्के बिनव्याजी उसनी.

यातला एकेक नियम नीट बघा. पाइपलाइन कुठून जाणार, पंप किती अश्वशक्तीचा, हे सगळं नंतर. आधी काय ठरलं? वाटा ठरला. जमीन विकून पाणी हातचं जाऊ नये, याची काळजी घेतली. अशा गावात बैठक बोलावली की कोण येईल? सगळे येतील, कारण सगळ्यांचं पाणी त्यात आहे. भूमिहीनाला आपलं पाणी दुसऱ्याच्या रानात वाट्याने पीक घ्यायला वापरता येईल, ही सोय त्यातच होती. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हेही सांगतो. विजेची बिलं थकली, मोटारी जळल्या, काही ठिकाणी उसाची ओढ नियमापेक्षा जोरदार ठरली, आणि सरकारने माणशी पाण्याचं तत्त्व मोठ्या प्रकल्पांना लावलंच नाही. पण कुठल्या तत्त्वाचा पराभव झाला आणि कुठल्या मोटारीचा, हे वेगळं काढून बघायला हवं.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी बळीराजा धरण बांधलं, तेही ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळातून. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी विचारलं, नदी आमची, दुष्काळ आमचा, मग वाळू ठेकेदाराची का? थोडी वाळू आम्ही विकू आणि त्या पैशांतून धरण बांधू. डॉ. भारत पाटणकर आणि मुक्ती संघर्ष चळवळीचे कार्यकर्ते त्यात होते, के. आर. दाते यांच्यासारख्या अनुभवी अभियंत्याने तांत्रिक साथ दिली. परवानगीसाठी सरकारशी झगडावं लागलं. आणि पाणी? समान वाटप, भूमिहीनांसकट. लोकांना अभियंता नको असतो, असं कुणी म्हणत असेल तर त्याने हे उदाहरण बघावं. लोकांना अभियंता हवा असतो, वाटा ठरल्यानंतर.

हिवरे बाजारचं नाव सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. तिथे पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यानुसार रब्बीची पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो खोल बोअर मारून सगळ्यांचं पाणी ओढू शकत नाही. ही बंदी सर्वांत जास्त कुणाच्या कामी येते? ज्याला बोअर परवडत नाही त्याच्या.

तिसरा वाटा मी म्हटला होता तो नकाराचा. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव. ऐंशीच्या दशकात तिथल्या लोकांनी मोठ्या धरणांच्या विरोधातल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात भाग घेतला. म्हणजे त्यांची सुरुवात नकारापासून झाली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. पण मला घोषणेपेक्षा त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने तिथे अभ्यास गट बसत असे. निर्णय घेण्याआधी विषयाचा अभ्यास करायचा, बाहेरच्या जाणत्याला बोलवायचं, प्रश्न विचारायचे, आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं. बहुमताने नाही. एक बाई जरी अडून बसली तरी पुन्हा चर्चा. वेळ लागतो. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी आपला बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेपर्यंत २०११ उजाडलं. हक्क कागदावर येणं आणि हातात येणं यात किती लढावं लागतं, ते बघा. नाही म्हणण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्याच होकाराला किंमत येते. गरीब माणूस बैठकीत मान डोलावतो तेव्हा त्याच्याकडे नकाराचा पर्याय होता का, हे आपण कधी तपासतो?

आता एक आक्षेप येतो, आणि तो करणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. ते म्हणतात, एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे? ३१ मार्चला निधी खर्च झाला नाही तर परत जातो. मजुरी थकते, लोक ओरडतात. खरं आहे. पण मार्चअखेरच्या घाईत बांधलेल्या किती बंधाऱ्यांत आज पाणी थांबतं? निधी परत जाऊ नये म्हणून आपण जे बांधतो, ते वाहून गेलं तर तो निधी कुठे गेला? वेळ वाचवण्याच्या नावाखाली दरवर्षी तेच काम पुन्हा करायचं, यात कसला वेळ वाचला?

म्हणून माझ्या काही ठोस मागण्या आहेत. ऊसतोडीच्या पट्ट्यात गावाचा आराखडा मे ते सप्टेंबरच्या दरम्यान, माणसं गावात असताना ठरवा. २ ऑक्टोबरला हवं तर त्याचं वाचन करा. त्यासाठी कायद्याला हात लावायची गरज नाही, वर्षभरात कधीही ग्रामसभा बोलावता येते. महिला ग्रामसभा संध्याकाळी, वस्तीवर घ्या, चावडीवर नको. प्रत्येक पाणलोटाच्या, तलावाच्या, उपसा योजनेच्या अंदाजपत्रकात एक पान जोडा. या कामाने कुणाच्या विहिरीला पाणी वाढणार, कुणाची चराई, सरपण, वाट बंद होणार, आणि त्या बदल्यात त्यांना काय मिळणार, हे घरागणिक त्यावर लिहा. ते पान वस्तीवर मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांचं नुकसान होणार आहे, त्यांच्या सह्या-अंगठे झाल्याशिवाय कार्यारंभ आदेश देऊ नका. पाण्याचं वाटप माणशी करायचं की एकरी, याचा निर्णय पहिली कुदळ पडण्याआधी लेखी घ्या. पाणी आल्यावर तो निर्णय होत नाही. पाणी आल्यावर ज्याची मोटार मोठी, त्याचा निर्णय होतो.

सभागृहात मागच्या रांगांत ग्रामसेवक बसलेले मला दिसत आहेत. त्यांच्यावर किती रजिस्टरांचं ओझं आहे, याची मला कल्पना आहे. तरीही हे एक पान ते उद्यापासून सुरू करू शकतात, कारण घरागणिक कुणाचं काय जाणार हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आपण मघापासून शांतपणे ऐकलंत. आता प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. गावातून आलेल्या भगिनींनी पहिले प्रश्न विचारावेत, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.